घरच्या लॅपटॉपवर रिॲक्टरच्या धातूचं नुकसान बघता येईल का?

तुमचा प्रश्न असा: बी.एस्सी. झालंय, सुपरकॉम्प्युटर हाताशी नाही, तर न्यूट्रॉनच्या माऱ्यानं धातूचं काय होतं ते घरी कॉम्प्युटरवर करून बघता येईल का? येईल. माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट इंदूरला रामबागेतल्या घरी, जुन्या लॅपटॉपवर झाला. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे कॅटमध्ये (इंदूरचं सरकारी संशोधन केंद्र, आताचं आरआरकॅट) जातोस का?" नाही हो, खाटेवर बसून!

लोखंडापासून सुरुवात करा. अणूंची हालचाल मोजणारं लॅम्प्स (LAMMPS) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ५० × ५० × ५० चौकटींचा स्फटिक उभा करा, एका चौकटीत दोन अणू. अणू अडीच लाख, पण पेटी जेमतेम १४ नॅनोमीटरची. मधल्या एका अणूला ५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा धक्का द्या. न्यूट्रॉन स्वतः गणितात येतच नाही, त्याची धडक बसलेला हा पहिला अणू तेवढा येतो.

इथे सगळे कॅरमची उपमा देतात. ती अर्धीच खरी. एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग) आसपास शेकडो-हजारो अणू जागा सोडतात, सोंगट्या फुटाव्यात तसे. पण दहा-वीस पिकोसेकंदांत बहुतेक सगळे परत कुठल्या तरी रिकाम्या घरात जाऊन बसतात. स्वतःच्याच घरात असं नाही, शेजाऱ्याच्याही चालतं. लोखंडाला काय फरक पडतो? ज्यांना घर मिळत नाही ते फटीत अडकतात, आणि तेवढीच घरं रिकामी राहतात. मोजायचं ते हे.

१९७५ च्या नॉर्गेट-रॉबिन्सन-टॉरेन्स सूत्रानं हिशेब केला तर ०.८ × ५००० ÷ (२ × ४०), म्हणजे रिकामं घर आणि फटीतला अणू अशा ५० जोड्या. (४० म्हणजे लोखंडाचा अणू जागेवरून उठवायला लागणारे इलेक्ट्रॉनव्होल्ट.) माझ्याकडे वीसही भरेनात. चार दिवस चूक शोधली. शेवटी सर म्हणाले, "अरे, सूत्रात हे परत बसणं धरलेलंच नाही."

खरी चूक आधी झाली होती. पेटी याहून लहान घेतली होती, आणि गणितात पेटीच्या समोरासमोरच्या बाजू जोडलेल्या असतात, त्यामुळे उजवीकडून बाहेर पडलेले अणू डावीकडून आत येऊन आपल्याच गोंधळावर आदळत होते. आकडा मात्र अगदी साळसूद दिसायचा! दुसरं, सुरुवातीला अणू फार वेगात असतो, तेव्हा गणितातली एक फेम्टोसेकंदाची (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) वेळेची पायरी मोठी पडते. ती बरीच बारीक करा. आणि अणूंमधल्या बलांची फाइल अगदी जवळच्या धडकांसाठी सुधारलेली आहे ना, ते बघून घ्या.

अणूंच्या संख्येची काळजी करू नका. १९६० मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तांब्याच्या सुमारे ५०० अणूंवर हे काम सुरू झालं. अडतं ते वेळेपाशी. रिॲक्टरमधलं पोलाद फुगायला वर्षं लागतात, तुमच्या हातात पिकोसेकंद. पुढचं बघायचं तर अणू विसरून फक्त दोषांच्या (रिकामी घरं, फटीतले अणू) उड्या मोजणारी मॉन्टे कार्लो पद्धत घ्यावी लागते. तीही लॅपटॉपवर चालते.

एका रनवर मात्र विसंबू नका, दिशा बदलून निदान दहा करा. माझे तीस होते. सव्विसावा चालू असताना पहाटे वीज गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली.