ऑफिसच्या वायफायवर टोरेंटने पिक्चर डाउनलोड केला, हिस्ट्री पण उडवली, तरी कंपनीला कळेल का?

हो, कळतं. मी महापे एमआयडीसीत एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. ब्राउजरची हिस्ट्री आम्ही बघत पण नाही, फायरवॉलचा, म्हणजे ऑफिसचं सगळं नेट ज्यातून जातं त्या सुरक्षा यंत्रणेचा लॉग (नोंदी) बघतो, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर नसतो त्यामुळे तुम्हाला पुसता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावेच लागतात. नाइट शिफ्टला सगळं शांत असताना एकाच मशीनवरून शेकडो अनोळखी आयपींना (इंटरनेटवरच्या पत्त्यांना) कनेक्शन जातायत आणि डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडा पण चढतोय असं दिसलं की समजायचं, कोणीतरी टोरेंट लावलंय.

खरा घोळ त्या अपलोडमध्येच आहे. पिक्चर उतरत असतानाच त्याचे तुकडे तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना जात असतात, म्हणजे तुम्ही नुसता घेत नाही, वाटताय पण. आणि बाहेरच्याला तिथे तुमचं नाव दिसत नाही, कंपनीचा पब्लिक आयपी दिसतो, मग नोटीस आली तर कंपनीच्या नावाने येणार. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण कलम 69 मुळे कंपनीचा कारभार बघणारा पण अडकू शकतो आणि मला माहीत नव्हतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. एचआरवाले एवढे तापतात ते यामुळे, आणि जॉइनिंगला सह्या केलेल्या कागदांत आयटी पॉलिसी असतेच.

मला स्वतःला जास्त राग येतो तो मराठी पिक्चर असे उतरवलेले दिसले की. आधीच त्यांना थिएटरात धड वेळेचे शो मिळायची मारामार, त्यात आपणच फुकट बघणार असू तर निर्मात्याने पुढचा पिक्चर काढायचा कशाच्या जिवावर?

आता लगेच सीडिंग, म्हणजे ते तुकडे वाटणं बंद करा, टोरेंटचं सॉफ्टवेअर काढून टाका आणि आयटीवाल्यांनी बोलवायच्या आधी स्वतः जाऊन सांगा, खास करून फाइलसोबत एखादी इएक्सई (प्रोग्राम चालवणारी फाइल) आली असेल आणि ती चालवली असेल तर आजच सांगा, कारण व्हायरस शेअर्ड ड्राइव्हवर गेला तर अख्ख्या टीमचं काम जाईल. व्हीपीएन किंवा मोबाइलचं हॉटस्पॉट लावून काही फायदा नाही, लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यात सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं आणि काय इन्स्टॉल केलंय ते त्याला तसंही दिसतं.