वाचक विचारतात: गेज बरोबर दाखवतो, मग इंजिन का वाजतं?

प्रश्न: रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणारा आडवा हात) क्लिअरन्स, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) ०.२० मिमी लावला, दोनदा चेक केला, तरी टकटक जात नाही. असं कसं?

उत्तर: आधी रॉकर उलटा करून त्याचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांडीनं तिथे छोटासा खड्डा पाडलेला असणार, आणि फिलरची पट्टी पडली सपाट, ती खड्ड्याच्या कडांवर टेकते, आतली पोकळी तिला कळतच नाही. खड्डा ०.१० मिमी खोल असेल तर पट्टी सांगते ०.२०, खरं अंतर ०.३०. अशा वेळी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) बेस सर्कलवर, म्हणजे उंचवटा नसलेल्या गोल भागावर आणायचा, डायल गेजची (काट्यावर हालचाल दाखवणारं माप) सुई रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूवर ठेवायची आणि रॉकर हातानं वरखाली हलवायचा, काटा जेवढा फिरेल तेवढा खरा क्लिअरन्स.

अजून एक, आणि हे बरेच जण विसरतात. कॅम, टॅपेट (कॅमवर टेकून हालचाल पुढे देणारा तुकडा), रॉकर झिजले की क्लिअरन्स वाढतो, पण सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) झिजून व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये वर सरकला की तोच क्लिअरन्स कमी होतो. दोन्ही एकदम चालू असलं तर आकडा जागच्या जागी राहतो आणि आपण खूश! म्हणून 'क्लिअरन्स बदलला नाही म्हणजे झीज नाही' हे मला अजिबात पटत नाही.

प्रश्न: कॅमचे लोब (उंचवटे) मायक्रोमीटरने मापले, सगळे स्पेकमध्ये आहेत. पण नोजवर (लोबच्या टोकावर) झिजेचा पट्टा दिसतोय. कोणावर विश्वास ठेवू, डोळ्यावर की मायक्रोमीटरवर?

उत्तर: डोळ्यावर. वरच्या प्रश्नातलीच भानगड आहे ही, मायक्रोमीटरचं तोंड रुंद, पट्टा अरुंद, त्यामुळे ते न झिजलेल्या कडांवर बसतं. ब्लेड मायक्रोमीटर (पातळ तोंडाचा) मिळवा, एकदा कडेला मापा, एकदा पट्ट्याच्या मध्यावर, दोन्हींतला फरक म्हणजे झीज. लिफ्ट (लोब किती उचलतो ते) मात्र डायल गेजनेच घ्या, कारण नोजच्या उंचीतून बेस सर्कल वजा करायचं म्हटलं तर लांब ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) कॅमवर मायक्रोमीटर बाजूच्या उतारावर चढतो आणि उत्तर चुकतं. टॅपेट हायड्रॉलिक (आत ऑइल भरलेला) असेल तर रॉकर काढून सुई थेट पुशरॉडवर (टॅपेट आणि रॉकरमधली सळई) ठेवा, नाहीतर स्प्रिंगच्या जोरानं टॅपेट दबतो आणि लिफ्ट उगाच कमी दिसते.

आणि फक्त नोज मापून थांबू नका. अमेरिकेतल्या सिक्वेन्स फोर-ए या ऑइल टेस्टमध्ये निसानचं केए२४ई इंजिन १०० तास चालवायचे आणि मग प्रत्येक लोब ७ जागी मापायचे, नोज आणि तिच्या दोन्ही बाजू धरून. आपल्याला एवढं नको, पण ३ जागा तरी घ्याच.

सपाट टॅपेट असतील तर एका टॅपेटची सरळ बाजू दुसऱ्याच्या तळाला लावून उजेडासमोर धरा. नवीन तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे कडेनं उजेड दिसायला हवा. मधून उजेड आला तर तळ खोलगट झालाय, तो टॅपेट गेला.

प्रश्न: व्हॉल्व्हची दांडी मापात आहे, गाइडही (दांडी सरकते ती नळी) ठीक वाटतो, तरी ऑइल जळतंय.

उत्तर: 'ठीक वाटतो' म्हणजे कुठे मापलात? गाइड मध्यावर फारसा झिजत नाही, दोन्ही टोकांना कर्ण्यासारखा फाकतो. बॉल गेजनं (छोट्या भोकाचा व्यास घेणारं माप) वर, मध्ये, खाली मापा, आणि प्रत्येक जागी दोन दिशांना, रॉकर ढकलतो ती एक आणि तिला काटकोनात दुसरी. दांडीसुद्धा तशीच ३ जागी, आणि जो भाग गाइडमध्ये कधी जातच नाही तो मूळ माप म्हणून धरा. व्हॉल्व्ह हलवून डायल गेजवर जो आकडा येतो तो क्लिअरन्स नव्हे हं, व्हॉल्व्ह किती बाहेर काढलाय त्यावर तो कमीजास्त होतो. गाइडमध्ये काही सापडलं नाही तर मग स्टेम सील (दांडीवरचं ऑइल अडवणारं सील) बघा, आणि तेही ठीक असतील तर पिस्टनच्या रिंगांकडे वळा.

प्रश्न: इंजिन न उघडता ऑइलमधल्या लोखंडावरून कॅमची झीज कळेल का?

उत्तर: झीज वाढतेय एवढं कळेल, कुठली ते नाही. ते लोखंड सिलिंडरच्या लायनरचं असू शकतं, रिंगांचं असू शकतं. लॅबवाले यावर तोडगा म्हणून कॅमच्या नोजचा पातळ थर किरणोत्सारी करतात, लोखंडाचं थोडं कोबाल्ट-५६ होतं, आणि मग इंजिन चालू असतानाच झीज मोजतात. तुम्हाला मात्र व्हॉल्व्ह कव्हर उघडावंच लागेल.