निवाऱ्यातून घरी, घरातून पुढे

प्राणिनिवाऱ्यातील मांजरे आणि कुत्री काही आठवडे घरी सांभाळून पुन्हा निवाऱ्याच्या किंवा नव्या कुटुंबाच्या स्वाधीन करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी, म्हणजे ‘फॉस्टर’ करणाऱ्यांविषयी, गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून पत्नीसह राहतो. आईविना सापडलेली, सुमारे अडीच आठवड्यांची चार मांजरपिल्ले दीड महिना सांभाळाल का, असे एका शेल्टरने आम्हाला विचारले आहे. वेळ आहे आणि घरी दूधही भरपूर येते. पण आमची स्वतःची सात वर्षांची मांजर घरात आहे. होकार द्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : होकार अवश्य द्यावा, मात्र घरी येणारे दूध या कामाचे नाही. गाई-म्हशीच्या दुधातील लॅक्टोज मांजराच्या पिल्लांना नीट पचत नाही, त्यांना हगवण लागते आणि पाव किलो वजनाच्या जिवाच्या अंगातले पाणी पाहता पाहता आटते. मांजरपिल्लांसाठी वेगळी दूधभुकटी मिळते, तीच वापरावी लागते आणि ती स्वस्त नसते. म्हणूनच पिल्ले घरी आणण्यापूर्वी शेल्टरला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: भुकटीचा आणि औषधांचा खर्च कोण करणार, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि तुम्हाला अचानक गावी जावे लागले तर पिल्ले परत कोण घेणार. उत्तरे लेखी घ्यावीत. पिल्ले कायम शेल्टरचीच असतात, शस्त्रक्रियेसारखे निर्णय तुम्हाला परस्पर घेता येत नाहीत, त्यामुळे असे विचारण्यात संकोचाचे काही कारण नाही.

या वयात दर तीन-चार तासांनी दूध पाजावे लागते, रात्रीसुद्धा. तेव्हा उभयतांनी पाळ्या लावून घ्याव्यात. तान्ह्या बाळाला मांडीवर उताणे घेऊन पाजण्याची आपल्याला सवय असते आणि नेमकी तीच येथे घातक ठरते, कारण उताण्या पिल्लाच्या फुप्फुसात दूध जाऊ शकते. पिल्लू पोटावर ठेवून, मान किंचित वर करून पाजावे. अंग गार लागत असेल तर आधी टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेवून त्याला ऊब द्यावी आणि मगच दूध द्यावे. गारठलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा, म्हणजे ते शी-शू करते. एरवी हे काम आई जिभेने चाटून करते. चौथ्या आठवड्यापासून दुधात कालवलेले मऊ खाणे बशीत ठेवून पाहावे. थोडेफार पिल्लाच्या पोटात जाईल, उरलेले त्याच्या पायांना लागेल.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि एक वही या दोन वस्तू मी औषधांच्या पेटीपेक्षाही महत्त्वाच्या मानते. रोज ठरावीक वेळी प्रत्येकाचे वजन लिहावे. दिवसाला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम वाढ अपेक्षित असते. वजन वाढलेच नाही किंवा घटले, तर पिल्लू खेळताना दिसत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एवढे करूनही एखादे पिल्लू दगावू शकते. हे होकार देण्यापूर्वी दोघांनी मिळून बोलून ठेवावे, कारण नंतर दोघांपैकी एक जण स्वतःला दोष देत बसतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता तुमच्या मांजरीविषयी. तिचे लसीकरण वेळेवर झाले आहे का, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे, आणि पिल्लांना किमान चौदा दिवस दार बंद होणाऱ्या वेगळ्या खोलीत ठेवावे. त्यांची भांडी, वाळूचा ट्रे आणि तेथे घालायचे कपडे वेगळे असावेत. काळजी आहे ती मुख्यतः पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे ज्याला बोलताना ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात त्या रोगाची. त्याचा विषाणू खोलीत वर्षभरही टिकून राहू शकतो आणि नेहमीच्या साबणाने मरत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ करून नंतर एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी या मिश्रणाने दहा मिनिटे ओली ठेवावी, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. तोवर पिल्ले दुसरीकडे हलवावीत. फिनाईल मात्र कटाक्षाने टाळावे. फिनॉल वर्गातील द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही; फरशीवरून ती पायाला लागतात आणि पाय चाटताना पोटात जातात. माझ्या पहिल्याच वर्षी स्वच्छतेच्या उत्साहात मी पिल्लांची खोली दोन वेळा फिनाईलने पुसत होते. पिल्ले लाळ गाळू लागली तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पंजांचा वास घेऊनच कारण सांगितले. याच यकृताच्या मर्यादेमुळे माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तापलेल्या पिल्लावर घरगुती उपाय म्हणून ती कधीही देऊ नये.

प्रश्न : पाय मोडलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या एका कुत्रीला दोन महिने घरी ठेवण्याची आमची तयारी आहे. सोसायटीचे सचिव म्हणतात की कुत्रे ठेवायला मनाई आहे आणि लिफ्टही वापरता येणार नाही. आम्ही भाड्याने राहतो आणि आमची मुलगी सहा वर्षांची आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रत आणि कुत्री आपल्याकडे तात्पुरती असल्याचे शेल्टरचे पत्र सचिवांना शांतपणे द्यावे. बहुतेक ठिकाणी प्रकरण तेथेच निवळते. घरमालकाची गोष्ट वेगळी आहे. भाडेकरारात प्राण्यांविषयी अट असेल तर त्यांची संमती आधी घ्यावी, नाहीतर मोडक्या पायाच्या कुत्रीला आठ दिवसांत पुन्हा पिंजऱ्यात जावे लागेल.

मुलीला दोन नियम पक्के सांगावेत: कुत्री जेवताना आणि झोपलेली असताना तिच्याजवळ जायचे नाही. वेदना असलेला शांत प्राणीही चावू शकतो. चावा किंवा नखाचा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कुत्रीला रेबीजची लस दिलेली असली तरीही. हे काम पुढेही करायचे असेल तर घरातील सर्वांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

पहिले काही दिवस कुत्री बहुधा पलंगाखाली बसेल. तिला ओढून बाहेर काढू नये. दार उघडताना पट्टा हातात हवा, कारण नवे कुत्रे घराबाहेर पळाले तर त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसतो. तुम्हीही वही ठेवा. ती झाडूला घाबरते की हेल्मेट घातलेल्या माणसाला, मांजर दिसताच काय करते, एकटी किती वेळ राहते, हे पिंजऱ्यात कोणालाही कळत नाही आणि दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. माझ्या मते फॉस्टरच्या घरातून निघणारी सर्वांत मोलाची वस्तू ही वहीच होय. त्यात दोषही लिहावेत. दोष लपवून दिलेले कुत्रे महिन्याभरात परत येते.

प्रश्न : ही माझी तिसरी खेप. दोन पिल्लांना घर मिळाले, तिसरी मांजर मात्र द्यावीशी वाटत नाही. आई म्हणते, लळा लावून देऊन टाकणे हा निर्दयपणा आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : आईंचा मुद्दा मला पटत नाही, पण तो खोडूनही काढणार नाही. ठेवायचीच असेल तर शेल्टरला सांगून रीतसर दत्तक घ्यावी. मात्र मांजर पंधरा वर्षेही जगते, आणि तुमच्या घरातली ही एक खोली पुढच्या खेपेला मोकळी राहील का, हे आज ठरवावे लागेल. राहणार असेल तर खुशाल ठेवा.

द्यायची ठरल्यास नसबंदी झाल्याशिवाय देऊ नये आणि नवे कुटुंब निवडताना तुमचेही मत घ्यावे, असा आग्रह शेल्टरकडे धरावा. तिच्यासोबत तिच्या अंथरुणातला न धुतलेला कपडा पाठवावा. दुसऱ्या दिवशी नव्या घरातून बहुधा फोन येईल की, मांजर कपाटामागून बाहेरच येत नाही, काही खातही नाही. तेव्हा वही उघडावी आणि तुमच्याकडे आल्यावर पहिले तीन दिवस तिने काय केले होते, ते पान वाचून दाखवावे.