आधी बेंच स्थिर करा: गॅरेजमधल्या वर्कबेंचविषयी वाचकांचे प्रश्न

बंगल्याच्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजमध्ये स्वतःचा वर्कबेंच बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांना आधी लाकूड कोणतं ते हवं असतं. मी मुद्दाम सुरुवात हलणाऱ्या बेंचपासून करतो आहे. सागाचा बेंच डुलत असेल तर त्यावर नीट रंधा चालत नाही, आणि खोक्याच्या पाइनचा बेंच ठाम उभा असेल तर त्यावर उत्तम दारं-खिडक्या होतात.

पाच फुटांचा बेंच बनवला. पाय सागाचे, वर १९ मिमी प्लाय. रंधा मारायला लागलं की सगळा बेंच डुलतो. स्क्रू आवळले की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. (नाशिक)

हलण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. आधी तुमचा कोणता ते बघा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबा. टक-टक आवाज आला तर दोष जमिनीचा. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून गेटकडे ढाळ दिलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा नसला की चौथा पाय अधांतरी राहतो. त्याखाली कठीण लाकडाची पाचर किंवा प्लायचा तुकडा पायालाच चिकटवून टाका, म्हणजे विषय संपला.

चारही पाय जमिनीला टेकलेले असून वरचा भाग पुढे-मागे जात असेल तर दोष सांध्यांचा. तुमच्या वर्णनावरून हेच दिसतं. पाय फक्त वरच्या प्लायला स्क्रूने जोडलेले असले की प्रत्येक कोपरा बिजागरीसारखा वागतो आणि चौकट तिरकी होते. रंध्याचा जोर बेंचच्या लांबीच्या दिशेने लागतो, म्हणून डुलणंही त्याच दिशेने. स्क्रू आवळून उपयोग नाही. प्रत्येक हेलकाव्याबरोबर स्क्रू आपलंच भोक मोठं करतो.

पुढच्या आणि मागच्या पायांच्या जोड्यांमध्ये लांबीच्या दिशेने एकेक आडवी फळी घाला, जमिनीपासून सहा-सात इंचांवर. ही फळी उंचीला किमान पाच-सहा इंच हवी. बरेच जण इथे दोन इंचांची पट्टी मारतात आणि काही फरक पडला नाही म्हणून निराश होतात. सांधा जितका उंच, तितकी त्याची तिरकं होण्याविरुद्धची पकड जास्त. सहा इंचांची फळी पायाला सहा इंचभर टेकलेली असते, पट्टी फक्त दोन इंच. जोडायला १० मिमीचे नट-बोल्ट आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर वापरा. लाकूड सुकून आकसलं की बोल्ट पुन्हा आवळता येतो.

याहून सोपा उपाय हवा असेल तर मागच्या दोन पायांवर १२ मिमी प्लायचा पूर्ण तुकडा गोंद लावून, दर चार-पाच इंचांवर स्क्रू मारून बसवा. प्लायचा अखंड तुकडा आपल्या पातळीत तिरका होत नाही, त्यामुळे चौकटही होत नाही. दोन्ही कडांच्या पायांमध्ये असेच तुकडे बसवले तर रुंदीच्या दिशेचं हलणंही थांबेल. एवढ्याने बहुतेक बेंच शांत होतात.

राहिला वरचा भाग. एकेरी १९ मिमी प्लाय दोन पायांच्या मध्ये लवतो. पटाशीवर मोगरी मारली की फटक्याचा बराच जोर त्या लवण्यात जातो. खाली आणखी एक प्लाय चिकटवून जाडी ३८ मिमी करा. तोवर ठोकाठोकीचं काम नेहमी पायाच्या बरोबर वर घ्या. खालच्या आडव्या फळ्यांवर तक्ता टाकून वीसेक विटा ठेवल्या तर साठ किलोच्या आसपास वजन वाढतं. दिसायला साधं आहे, पण फार गुणाचं. वजनदार बेंच रंध्याबरोबर सरकत नाही.

सागाचा भाव ऐकून हबकलो. बेंचसाठी स्वस्तातलं पण टिकाऊ लाकूड कोणतं? (पुणे)

बेंचला नवा साग घेऊ नका, असंच मी सांगेन. साग न वाकणारा, वाळवीला दाद न देणारा, म्हणून दारं-चौकटींना अप्रतिम. बेंचला मात्र वजन आणि जाडी लागते आणि ती स्वस्त लाकडातही मिळते.

पुण्यात राहता तर जुन्या लाकडाचा बाजार आधी बघा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब अनेक वर्षं वाळलेले असतात, त्यामुळे पीळ, वाक, भेग जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. चार पायांना साडेतीन इंच चौरस तुकडे पुरतात. पण कापायच्या आधी सगळ्या बाजूंनी लोहचुंबक फिरवा. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एका खिळ्याने करवतीचे दात जातात. बोटाने दाबल्यावर भुसा गळणारी छिद्रं दिसली तर तो तुकडा वखारीतच सोडा.

बाभूळही पायांना चांगली. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांना आणि नांगराला तीच वापरत आले, ती तिच्या कठीणपणासाठी. फक्त ओली घेऊ नका, वाळताना ती फार पीळ धरते. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि वजनाला ठीक, पण त्याला किडा लवकर लागतो.

परदेशातून आलेल्या मालाच्या खोक्यांचं पाइनही मिळतं. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो आणि शेजारी दोन अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका.

वरच्या भागासाठी माझी पसंती प्लायला आहे. दुकानदार ज्याला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) म्हणतात तो १८ किंवा १९ मिमीचा एक आठ बाय चारचा तक्ता घ्या. लांबीने मधोमध कापला की आठ बाय दोनच्या दोन पट्ट्या होतात. प्रत्येकीतून सहा फूट काढले की सहा बाय दोनचे दोन थर झाले आणि दोन फूट चौरसाचे दोन तुकडे उरले. थर एकमेकांना फेविकॉलने चिकटवा, स्क्रू खालून मारा. उरलेले तुकडे जिथे वाइस (काम आवळून धरणारा शिकंजा) आणि पाय येणार तिथे खाली तिसरा थर म्हणून लावा. तक्त्याचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं, उचलायला दोघं लागतील. कडेने सागाची पट्टी लावली की प्लायच्या कडा फुटत नाहीत. सागाचा खर्च करायचाच तर इथे करा.

आमच्याकडे पावसाळ्यात दारंसुद्धा लागत नाहीत, मग बेंचचं काय होणार? वाळवीचीही भीती आहे. (चिपळूण)

कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्यावरच्या लाकडातली आर्द्रता १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते आणि उन्हाळ्याकडे पुन्हा उतरते. त्याबरोबर लाकूड रुंदीला फुगतं आणि आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. सपाट चिरलेल्या सागाच्या दोन फूट रुंद माथ्यात हा फरक पाच ते आठ मिलिमीटर असू शकतो. हे थांबवता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. अखंड लाकडाचा माथा असेल तर पुढची कड पायांना पक्की बांधा आणि मागच्या बाजूच्या बोल्टची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. दोन्ही कडा जखडल्या तर माथा चिरेल किंवा मध्ये फुगून उठेल. प्लायला ही काळजी नाही, म्हणून तुमच्यासाठी प्लायच बरा.

वर मायका किंवा चकचकीत व्हार्निश लावू नका, काम घसरतं. उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात सगळ्या बाजूंना, खालूनसुद्धा, द्या. एकाच बाजूला तेल दिलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गतीने ओल पितात आणि फळी वाकते. एक गोष्ट कळकळीने सांगतो: त्या तेलाची चिंधी कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या चिंधीत ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. गाडी शेजारी उभी असताना तर मुळीच नको. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

वाळवी बहुतेक वेळा जमिनीतून येते. पायाखाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवा, बेंच भिंतीपासून दोन इंच दूर ठेवा आणि पायांवर मातीची बारीक नळी चढताना दिसते का ते महिन्यातून एकदा बघा. दिसली की नळी मोडून थांबू नका. वाळवी कुठून आली ते शोधून तिथे औषध करवून घ्या. आणि २०२१ च्या जुलैतला पूर तुम्ही पाहिलेला आहे, तेव्हा खालच्या फळीवर विजेवर चालणारी हत्यारं ठेवू नका. तिथे विटाच बऱ्या.

माझी उंची पाच फूट. तयार बेंचवर काम केलं की खांदे भरून येतात. उंची किती ठेवू? (कोल्हापूर)

ताई, खांदे भरून येणं ही बेंच उंच असल्याची खूण आहे. सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. जमिनीपासून मुठीच्या पेरांपर्यंतची उंची मोजा. रंध्याच्या कामाला बेंच तेवढाच हवा, म्हणजे हातांबरोबर पाय आणि कंबरेचाही जोर लागतो. तुमच्या बाबतीत ही उंची २६ ते २८ इंचांच्या आसपास येईल. कामाच्या वेळी घालता तीच चप्पल किंवा बूट घालून मोजा.

आखणी, बारीक करवत, कोरीव काम यांना मात्र कोपराच्या जवळची उंची लागते. त्यासाठी दुसरा बेंच बांधायची गरज नाही. सात-आठ इंच उंचीची एक भक्कम पेटी करून बेंचवर क्लॅम्पने धरा आणि तिच्यावर काम करा.

जमिनीवर बसून काम करण्याचाही पर्याय आहेच. आपले जुने सुतार एका पायाच्या तळव्याने लाकूड दाबून दोन्ही हातांनी रंधा चालवत, आणि रोमन सुतारांचे बेंचही गुडघ्याएवढे ठेंगणे असत. गुडघे साथ देत असतील तर अठरा इंची, जाड फळीचा ठेंगणा बेंच लहान कामाला फार छान. त्यावर बसूनच लाकूड धरता येतं, क्लॅम्पही कमी लागतात.

वाइस कुठे बसवायचा? मी डावखुरा आहे. (सोलापूर)

उजव्या हाताने काम करणारा रंधा उजवीकडून डावीकडे नेतो, म्हणून त्याचा वाइस बेंचच्या पुढच्या कडेला डाव्या टोकाशी असतो. तुम्ही उजव्या टोकाशी लावा, पायाच्या अगदी जवळ. मागचा जबडा बेंचच्या कडेच्या पातळीत यायला हवा, म्हणजे लांब फळी वाइसमध्ये धरली की बाकीची लांबी कडेला टेकते. त्यासाठी कडेत खाच घ्यावी लागते. लोखंडी जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या लावा.

वाइसच्या आधी एक स्वस्त गोष्ट करा. बेंचच्या माथ्यावर १९ मिमीची भोकं पाडा आणि लोहाराकडून १८ मिमी सळईचा, उलट्या ‘एल’सारखा वाकवलेला हूक करून घ्या. भोकात घालून डोक्यावर हातोडीचा एक फटका मारला की तो काम दाबून धरतो, मागून ठोकला की सुटतो. त्याला माथा अडीच इंच तरी जाड लागतो, म्हणून जिथे भोकं पाडाल तिथे खालून जास्तीचा थर द्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बेंच ठेवला तर चालेल का? (ठाणे)

पार्किंगची जागा गाडीसाठी दिलेली असते. सोसायटीची लेखी परवानगी नसेल तर नको. शेजाऱ्यांच्या गाड्यांवर भुसा बसला की भांडण ठरलेलं. बाल्कनीत चार फूट बाय अठरा इंचांचा, बोल्ट सोडले की सुटा होणारा बेंच करा आणि हातहत्यारांवर भर द्या.

इथे घराला गॅरेज आहे, लाकूडही बाजारात सहज मिळतं, पण हिवाळ्यात आत पाणी गोठतं. आता डिसेंबरमध्येच बेंच जोडायला घेऊ का? (न्यू जर्सी)

कापणी आणि रंधाकाम आता करा, चिकटवणं थांबवा. लाकडाच्या पिवळ्या गोंदाला साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. त्याखाली तो पांढरट, खडूसारखा सुकतो आणि सांधा धरत नाही. हवा गरम करून भागत नाही, लाकूडही तेवढंच गरम हवं. फळ्या दोन दिवस घरात ठेवून तळघरात चिकटवता आल्या तर उत्तम, नाहीतर एप्रिलची वाट बघा किंवा सगळे सांधे बोल्टचे करा.

तुमच्याकडे ‘टू बाय फोर’ म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, आराखडा त्या मापाने काढा. सोळा पट्ट्या उभ्या धरून शेजारी-शेजारी चिकटवल्या की दोन फूट रुंद आणि साडेतीन इंच जाड माथा होतो. रंधा मारल्यावर तीन-सव्वातीन इंच उरेल. दुकानातल्या ढिगातून फळ्या निवडताना प्रत्येक फळीच्या टोकाकडून डोळा लावून बघा. वाक एकवेळ चालेल, पीळ नको. हिरवट रंगाचं, औषध मुरवलेलं बाहेरच्या कामाचं लाकूड घेऊ नका, त्याचा भुसा श्वासात जायला नको. घेतलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून, महिनाभर तरी ठेवा. ‘किल्न ड्राय’ (भट्टीत वाळवलेलं) असा शिक्का असला तरी त्यात १९ टक्क्यांपर्यंत ओल असू शकते.