चोरीचा आळ, माफीनामा आणि पाच हजारांचा गैरसमज

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचं जुनं ३७९ कलम ३०३ झालं. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून काही एकत्र घेते.

पाच हजारांच्या आतली चोरी आता गुन्हा नाही, असा मेसेज फिरतोय. खरं का? (घाटकोपर)

साफ खोटं. किंमत पाच हजारांच्या आत, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा पैसे परत केलेले असतील, तर शिक्षा समाजसेवेची होते. पण ती शिक्षाच आहे. एरवी पहिल्या वेळीही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि लोकलमधून मारलेला दोन हजारांचा मोबाइल या सवलतीत बसतच नाही: प्रवासी वाहनातली चोरी म्हणजे कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. असले मेसेज पुढे ढकलू नका.

दादरला चढताना खिशातून मोबाइल गेला. पोलिसांनी 'गहाळ' अशी नोंद केली. दोन महिने झाले.

दोन महिने का थांबलात? 'गहाळ' म्हणजे तुमच्या हातून हरवला. चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांना तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर वरिष्ठांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट आजच ब्लॉक करा.

बिलाशिवाय सेकंडहँड मोबाइल घेतला, आता पोलिसांचा फोन आलाय. (कुर्ला)

माल चोरीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं वाटायला कारण असणं, हा कलम ३१७ चा, म्हणजे चोरीचा माल घेण्याच्या गुन्ह्याचा, गाभा. विकणाऱ्याशी झालेलं चॅट आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. जबाबाआधी वकिलांना भेटा.

आई घरकाम करते. मालकिणीची अंगठी सापडत नाही. सोसायटीच्या ऑफिसात तिला बसवून 'माफीनामा लिहून दे, विषय संपवू' म्हणताहेत. लिहून द्यावा का? (अंधेरी)

नाही. आज नाही, उद्याही नाही.

असा एक कागद मी हातात धरलेला आहे. वहीचं फाडलेलं पान, अक्षर सुपरवायझरचं, खाली बाईंचा अंगठा. मधली ओळ: 'मी मोहापायी हे कृत्य केले.' त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि 'मोहापायी' हा शब्द त्या कधी बोलल्याही नव्हत्या. विषय संपला नाही. तोच कागद फिर्यादीला जोडला गेला.

लोकांना वाटतं, पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही, मग हाही चालणार नाही. फरक इथेच आहे. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही; खाजगी माणसाला लिहून दिलेली पुराव्यात येऊ शकते. धाक किंवा आमिष दाखवून घेतली, हे दाखवून ती खोडता येते, पण त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा. नोकराने मालकाच्या घरी चोरी केल्याचा आरोप कलम ३०६ खाली जातो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ऑफिसात डांबून ठेवण्याचा किंवा पिशवी-अंग झडतीचा हक्क ना सुपरवायझरला, ना सेक्रेटरीला. तसं कुणी करत असेल तर ११२ वर फोन करा.

पोलिसांनी बोलावलं तर नोटीस लेखी मागा आणि दिलेल्या तारखेला हजर राहा. नोटीस चुकवली तर अटकेचं कारण तुम्हीच देता. सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही; अपवादात्मक परिस्थितीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने तेवढी महिला अधिकारी अटक करू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा. बाईंना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि हे सांगूनही लोक आधी सोसायटीच्या कमिटीकडे हात जोडायला जातात! हात जोडण्याआधी तो फोन लावा, आजच.

एजंट पंचवीस हजारांत पोलीस रेकॉर्ड 'क्लिअर' करून देतो म्हणतो.

फसवणूक आहे. पैसे देऊ नका.

फिर्यादीशी बोलणं झालंय, केस मागे घेतील ना? (भांडुप)

साधी चोरी असेल तर मालमत्तेचा मालक तडजोड करू शकतो. नोकराच्या चोरीत कोर्टाची परवानगी लागते. कलम ३०५ मध्ये तडजोडीची सोय नाही. मग केस रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. तोंडी बोलण्याला काहीच अर्थ नाही. आधी एफआयआरची प्रत घेऊन कलम कोणतं लावलंय ते वकिलांना दाखवा आणि पुढची तारीख चुकवू नका.