कलेचा इतिहास खेळातून शिकवणारं ॲप कसं करावं?

कॉलेजच्या मुलांसाठी कलेच्या इतिहासाचं ॲप करायचंय, पण ती नुसती प्रश्नमंजूषा होऊ नये, असं तुम्ही म्हणताय. बेळगावात मुलांसोबत मी हेच काम करते. माझं ठाम मत सांगते: ज्याचं उत्तर चित्रात किंवा दगडात बघूनच सापडेल, असा खेळ करा. सन आणि राजाचं नाव कोणीही गूगल करेल.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, घ्या. रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचिराज याने ती 1204 मध्ये बांधली. छतात 72 पाकळ्यांचं दगडी कमळ आहे. फोनवर आधी एकच पाकळी दाखवा, अगदी जवळून, छिन्नीचं काम दिसेल इतकी. मग बोटांनी चित्र लहान करत नेलं की शेजारची पाकळी, तिच्या शेजारची, असं करत अख्खं कमळ दिसू लागतं. तेव्हा विचारा, 72 च का? मुलं आठाचे, बाराचे गट पाडून बघतात आणि चोवीसवर आली की उजेड पडतो: भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. इथे घड्याळ मात्र लावू नका. घाई लावली की पोरं बघायचं सोडून पटापट बटणं दाबत सुटतात.

दुसरा विषय घरातलाच. राजा रविवर्म्याची लक्ष्मी आपल्याकडच्या कितीतरी देवघरांत आहे. त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथल्या शिळाछपाईत, म्हणजे दगडावरून चित्र छापताना, एकेका रंगाला वेगळा दगड लागतो. खेळणाऱ्याला ते रंग एकावर एक चढवू द्या. एक दगड जरासा सरकला की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो! श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं चित्र साध्या घराच्या भिंतीवर कसं आलं, हे मग मुलं स्वतःच विचारतात.

मराठी आणि कन्नड दोन्ही पहिल्या दिवसापासून ठेवा, आपल्या वर्गांत एकाच बाकावर दोन्ही भाषा असतात. कोडिंगच्या आधी पाकळ्या कागदावर छापून, कापून चार-पाच मुलांपुढे ठेवा. कुठे अडतं ते तिथेच कळतं. गोष्टीच्या भागाला ट्वाइन पुरतं; पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायचं ते सॉफ्टवेअर फुकट आहे.

खानापूरकडचे असाल तर हलशीचं भूवराह-नरसिंह देऊळ बघून या. तिथे दोन गाभारे समोरासमोर आहेत. त्यावर मला अजून खेळ सुचलेला नाही, तुम्हाला सुचला तर जरूर लिहा.