बार्सिलोना ते कोपनहेगन: रिपोझिशनिंग क्रूझविषयी

नमस्कार. आपले प्रश्न थोडक्यात असे आहेत. एप्रिलच्या अखेरीस बार्सिलोनाहून निघून तेरा दिवसांनी कोपनहेगनला पोहोचणाऱ्या क्रूझचे भाडे त्याच जहाजाच्या उन्हाळी फेऱ्यांपेक्षा इतके कमी कसे, आणि त्यात काही गोम तर नाही ना? व्हिसा कोणता काढावा? जहाज फ्रान्समधील ल हाव्र बंदरात थांबेल त्या दिवशी पॅरिस पाहून होईल का? आणि मांडव्याच्या लाँचमध्येही ज्यांना बोट लागते, त्या आपल्या पत्नीला स्पेन आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांमधला बिस्केचा उपसागर सोसेल का? आम्ही दोघांनी हा किनारा जहाजाने दोनदा पाहिला आहे, एकदा वसंतात उत्तरेकडे जाताना आणि एकदा सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे येताना, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

भाड्यात गोम नाही. मोठी प्रवासी जहाजे हिवाळा भूमध्य समुद्रात, कॅनरी बेटांकडे किंवा कॅरिबियनमध्ये काढतात आणि उन्हाळ्यात नॉर्वेच्या फियोर्डांकडे व बाल्टिक समुद्रात जातात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात त्यांना एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जावेच लागते, आणि या फेरीलाच रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. प्रवासी असोत वा नसोत, इंधन जळते आणि खलाशांचा पगार द्यावा लागतो. प्रवास एकाच दिशेचा, जाण्या-येण्याची विमानतळे वेगळी, सलग समुद्रावरचे दिवस जास्त आणि शाळांना सुट्टी नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी मिळते आणि भाडे उतरते. मात्र येथे मार्ग जहाजाच्या गरजेने ठरतो आणि बंदरे त्या वाटेवर जशी जमतील तशी ओवलेली असतात, हे मनाशी पक्के धरावे. रोज सकाळी नवे शहर हवे असेल, तर भूमध्य समुद्रातील सात दिवसांची गोल फेरीच घ्यावी. ज्याला एका खंडाचा किनारा सलग डोळ्यांखालून जाताना पाहायचा आहे, त्याच्यासाठी मात्र याहून चांगला प्रवास मला ठाऊक नाही.

असे मी का म्हणतो, ते भरती-ओहोटीवरून सांगतो, कारण कोकणकिनारा पाहिलेल्या माणसाला ते चटकन उमजेल. बार्सिलोना किंवा मालागाच्या धक्क्यावर उभे राहिलात तर दिवसभरात पाणी जेमतेम वीतभर हलते, कारण भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. जिब्राल्टरची सामुद्रधुनी, जी सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे, ओलांडून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यावरील काडिझला पोहोचलात की समुद्र श्वास घेऊ लागतो: तेथे उधाणाच्या दिवसांत पाणी तीन मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि ओहोटीला किनाऱ्यावरचे खडक उघडे पडतात. पुढे ल हाव्रला हाच फरक सात मीटरच्याही वर जातो, म्हणजे मुंबईच्या मोठ्या भरतीपेक्षाही जास्त. तेथे सकाळी ज्या डेकवरून आम्ही उतरलो, संध्याकाळी शिडी त्याला नव्हे तर दुसऱ्याच डेकला लावलेली होती. प्रकाशाचेही तसेच आहे. बार्सिलोना सोडताना जेवढा दिवस असतो, त्यापेक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात कोपनहेगनला तो जवळजवळ दोन तासांनी मोठा झालेला असतो. विमानाने गेलो असतो तर हे दोन्ही बदल आमच्या लक्षातही आले नसते.

आता खोलीविषयी, कारण आपण आरक्षण करण्याच्या बेतात आहात. उत्तरेकडे जाताना शक्यतो जहाजाच्या उजव्या बाजूची खोली घ्यावी. बार्सिलोनाहून नैऋत्येला जाताना स्पेनचा किनारा उजवीकडे असतो, सामुद्रधुनीत पश्चिमेकडे जातानाही स्पेन उजवीकडे आणि आफ्रिका डावीकडे असते, मग पोर्तुगाल, स्पेनच्या वायव्येचा गॅलिसिया आणि शेवटी इंग्लिश खाडीत फ्रान्स, हे सारे उजव्याच हाताला येते. शिवाय गर्दीच्या सागरी मार्गांवर जहाजांना आपल्या उजव्या बाजूची मार्गिका धरावी लागते, म्हणून उत्तरेकडे जाणारे जहाज त्या पट्ट्यात जमिनीच्या बाजूने चालते. तरीही अनेक ठिकाणी किनारा इतका दूर असतो की संध्याकाळी फक्त दीपगृहाची उघडझाप दिसते. सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे येताना हे सारे उलटे, म्हणजे डावी बाजू चांगली. बाल्कनीचे जादा पैसे एरवी मी देणार नाही, या प्रवासात मात्र दिले आणि ते वसूल झाले.

परंतु आपल्या पत्नीच्या दृष्टीने बाजूपेक्षा जागा महत्त्वाची आहे. जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर ती सर्वांत जास्त असते. भाडे आणखी कमी करण्यासाठी खोली कोणती मिळेल ते कंपनीवर सोपवण्याची जी सवलत असते, ती आपण घेऊ नये, कारण तशा वेळी पुढच्या टोकाची खोलीही पदरात पडू शकते. बिस्केच्या उपसागराची ख्याती उगाच नाही. अटलांटिकवर हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेल्या लाटा तेथे चार हजार मीटरहून खोल पाण्यातून एकदम दोनशे मीटरपेक्षा उथळ कडेवर चढतात, आणि तेथे त्या उंच व उभ्या होतात. आजच्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना होणारे डोलणे बरेच कमी होते. पुढचे टोक वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. गॅलिसियातील ला कोरुन्या बंदर ते ल हाव्र हे अंतर कापायला साधारण दोन रात्री आणि मधला एक दिवस लागतो, म्हणजे त्रासाची मुदत तेवढीच. आमच्या वसंतातील प्रवासात उपसागर तळ्यासारखा शांत होता. सप्टेंबरमध्ये मात्र एक रात्र कपाटाची दारे आपोआप उघडत होती आणि माझी पत्नी सकाळपर्यंत पडूनच होती. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर घेतलेली उलटीवाटे बाहेर पडते. कोणती आणि किती, हे आपल्या रक्तदाबाच्या व इतर औषधांची यादी दाखवून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पोट पूर्ण रिकामे ठेवू नये, आल्याचा तुकडा जवळ असावा आणि खोलीत डोळे मिटून पडण्यापेक्षा मधल्या डेकवर क्षितिजाकडे पाहत बसावे. मांडव्याच्या लाँचवरून घाबरून जाऊ नका: लहान लाँच लाटेबरोबर उसळते, तीनशे मीटर लांबीचे जहाज बऱ्याचशा लाटा कापत जाते. ऑक्टोबरअखेरची फेरी असती तर मी आपल्याला नको म्हटले असते. एप्रिलअखेरीला तसे म्हणणार नाही.

व्हिसाबाबत मात्र मी कळकळीने सांगतो, कारण येथे आम्ही पोळलो आहोत. आम्ही सर्वप्रथम आरक्षित केलेल्या प्रवासात साउदॅम्प्टन हे बंदर होते. मुंबईतील एका प्रवासी मध्यस्थाने आम्हाला सांगितले की तेथे उतरणार नसाल तर ब्रिटनचा व्हिसा लागत नाही, आणि शेंगेन व्हिसाही (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) एकाच प्रवेशाचा काढून दिला. जहाज ब्रिटनला लागले की आपण शेंगेन क्षेत्राबाहेर जातो आणि पुढच्या बंदरात पुन्हा प्रवेश करतो, म्हणून त्या मार्गाला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो; शिवाय वाटेतील प्रत्येक देशाचा आवश्यक व्हिसा हातात असल्याशिवाय जहाजावर घेणार नाही, असे कंपनीच्या अटींत स्पष्ट लिहिले होते. हे आमच्या ध्यानात निघण्यापूर्वी तीन आठवडे आले. तो प्रवास सोडावा लागला आणि आगाऊ भरलेली रक्कमही गेली. तेव्हा मार्गपत्रिकेतील प्रत्येक बंदराचा देश स्वतः तपासावा, जिब्राल्टर हा ब्रिटिश प्रदेश आहे हे विसरू नये आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे. आपल्या मार्गात स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, बेल्जियम आणि डेन्मार्क एवढेच देश असले तरी एकाहून अधिक प्रवेशांचाच व्हिसा मागावा. अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस जाणार त्या देशाकडे करायचा असतो आणि दिवस समसमान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. आपण बार्सिलोनाला दोन दिवस आधी पोहोचणार असाल तर हिशेब बहुधा स्पेनकडेच झुकेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो झाले आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. विमा घेताना जहाजावरील उपचार आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्यावे, कारण जहाजाच्या दवाखान्याचे बिल परकीय चलनातच येते.

बंदरांपैकी काडिझ पायी हिंडावे. जहाज जुन्या शहराला अगदी खेटून लागते. लिस्बनला मात्र आपण पहाटे उठावे, ही माझी विनंती आहे. जहाज तेजो नदीच्या मुखातून आत शिरते, डाव्या हाताला लिस्बनच्या बेलेम भागातला बुरूज सरकतो आणि मग आपण १९६६ सालच्या त्या लाल झुलत्या पुलाखालून जातो, ज्याला १९७४ च्या क्रांतीनंतर २५ एप्रिल हे नाव मिळाले. पुलाच्या जाळीदार पोलादावरून धावणाऱ्या गाड्यांचा घुमणारा आवाज वरच्या डेकवर स्पष्ट ऐकू येतो. याच बेलेमहून ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. त्याची कबर तेथील जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे. १५१० ते १९६१ एवढा काळ ज्या राजवटीखाली गोवा होता, तिची जहाजे याच नदीतून सुटत असत, हे जाणणाऱ्या माणसाला त्या धक्क्यावर नुसते पर्यटक म्हणून उभे राहणे अवघड जाते. मी तेथे बराच वेळ उभा होतो. लिस्बनला घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे असते, म्हणून परतीची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळावी.

ला कोरुन्याला जहाज थांबले, तर रोमनांनी बांधलेले आणि आजही दिवा पेटत असलेले हर्क्युलिसचे दीपगृह पाहावे. आमच्या सप्टेंबरच्या फेरीत वाऱ्यामुळे हे बंदर गाळले गेले. असा निर्णय घेण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि त्याची भरपाई बंदरशुल्क परत मिळण्यापुरतीच असते.

पॅरिसचे उत्तर नाही, असे आहे. ल हाव्रहून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर; बसने जाता-येता मिळून सहा तास जातील आणि हाती तीन-चार तास उरतील, तेही घड्याळाकडे पाहत. साठीपुढच्या दोघांनी एवढी दगदग करू नये. त्याऐवजी ओंफ्लरचे जुने बंदर किंवा एत्रेताचे खडूचे कडे पाहावेत, नाहीतर ल हाव्रमध्येच थांबावे. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेले हे शहर ओग्युस्त पेरे या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार काँक्रीटमध्ये पुन्हा उभे राहिले आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. पहिल्या नजरेला ते रुक्ष वाटते. सेंट जोसेफच्या चर्चमध्ये शिरून १०७ मीटर उंच मनोऱ्याच्या रंगीत काचांतून खाली उतरणारा उजेड पाहिला की मत बदलते. आमचे तरी बदलले. बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराहून ब्रुज शहर जवळच आहे, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

शाकाहाराची चिंता करू नये, पण भारतीय शाकाहारी जेवण हवे हे आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटावे. या जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे लोक, पुष्कळ असतात. आमच्या टेबलावर वाढणारा तरुण मडगावचा निघाला. माझी पत्नी वेंगुर्ल्याची असल्याने दोघांचे कोकणी-मालवणी बोलणे जमले आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी भटारखान्यातून न मागता डाळ-भात येऊ लागला. अशा माणसांसाठी सेवाशुल्काव्यतिरिक्त काहीतरी बाजूला ठेवावे. ते सेवाशुल्क बहुधा दरडोई दररोज १२ ते २० युरो किंवा डॉलर असते आणि जाहिरातीतील भाड्यात बऱ्याचदा धरलेले नसते. तेरा दिवसांचे दोघांचे मिळून ते किती होते, हे आधीच मांडून पाहावे.

विमानाची दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे काढू नयेत. मुंबईहून बार्सिलोना आणि कोपनहेगनहून मुंबई असे एकाच आरक्षणात काढलेले तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडते. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून बार्सिलोनाला किमान एक रात्र आधी पोहोचावे. सामान कोठेही मागे ठेवता येणार नाही, कारण आपण त्या शहरात परतणार नाही. म्हणून बार्सिलोनाचे सुती कपडे आणि कोपनहेगनचा लोकरी कोट एकाच बॅगेत बसले पाहिजेत. मेच्या आरंभीही कोपनहेगनला सकाळी सात-आठ अंश तापमान असते आणि समुद्रावरचा वारा त्याहून गार लागतो. तेथे जहाजे मोठ्या प्रमाणावर नॉर्डहाव्हनच्या धक्क्याला लागतात आणि तो शहराच्या मध्यापासून दूर आहे. उतरण्याच्या दिवशी दुपारआधीचे विमान घेऊ नये, शक्य असेल तर दोन रात्री राहावे.

आपल्या मार्गपत्रिकेत लिस्बनला जहाज किती वाजता लागते ते आवर्जून पाहा. दुपारचे लिहिले असेल, तर पहाटेऐवजी जेवणाची वेळ सोडून वर यावे लागेल.